शेवटच्या पानावर किती लावायचे?

सांगलीत विश्रामबागेत आम्ही चौघे मित्र शनिवारी रात्री टेक्सास होल्डेम खेळतो, म्हणजे हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पाने असलेला पोकर. पैसे नाहीत, चिंचोके. तरी वर्षभर माझाच डबा रिकामा व्हायचा.

दोन महिने मी प्रत्येक डाव वहीत लिहिला आणि चूक सापडली. टेबलावरचे पाचवे पान, म्हणजे रिव्हर, उघडले की माझी पाने कशीही असोत, मी पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या चिंचोक्यांच्या, निम्मेच लावायचो.

आता आधी एकच प्रश्न विचारतो: माझ्यापेक्षा हलक्या कुठल्या पानांवर समोरचा कॉल करेल, म्हणजे मी लावले तेवढेच लावेल? टेबलावर राजा, नव्वी, सत्ती, चौकी, दुर्री, फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) शक्य नाही, पॉट १०० आणि माझ्याकडे राजा-राणी. इथे नव्वीवाला ३३ चिंचोके देतो, १०० लावले की पाने टाकतो, म्हणजे डाव सोडतो. म्हणून ३३. माझ्या हातात नव्व्यांची जोडी असेल तर तीन नव्व्या झाल्या. मग राजावाला सोडवत नाही, तेव्हा १०० लावतो, कधी १५०सुद्धा.

ब्लफचा, म्हणजे हलक्या पानांवर लावून समोरच्याला पळवण्याचा, हिशेब मला सगळ्यात उशिरा कळला. १०० च्या पॉटवर ५० लावले तर तीनातून एकदा समोरच्याने पाने टाकली तरी बरोबरी होते. १०० लावले तर निम्म्या वेळा टाकायला हवीत. आणि ब्लफ भक्कम पानांइतकाच मोठा हवा, नाहीतर आकड्यावरूनच ओळखतात. आमच्यातल्या अण्णांनी मला असेच कितीदा तरी पकडले होते.

ना भक्कम ना हलक्या अशा पानांवर आता मी बहुतेक वेळा चेकच करतो, म्हणजे काही लावत नाही. गेल्या शनिवारी डबा भरून घरी आणला.