मॉनिटरचे यूएसबी पोर्ट चालत नाहीत? आधी डब्यात राहिलेली वायर शोधा

परवा भर दुपारी अमळनेरहून भाच्याचा फोन, "मामा, मॉनिटरना एक बी पोर्ट चालत नही." त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, नवा २४ इंची मॉनिटर घेतला आणि त्याला चार यूएसबी पोर्ट बघून गडी खूश, की आता अंगठा घ्यायचं मशीन, पेनड्राइव्ह, माऊस सगळं समोरच लागेल, दर गिऱ्हाइकाला टेबलाखाली वाकायला नको. पण काहीच चालेना. दुकानदार म्हणे पीस बदलून देतो, आठ दिवस लागतील. मी म्हटलं थांब भो, डबा फेकला का? नव्हता फेकला, आणि डब्यात एक वायर तशीच पिशवीत बांधलेली, "ती तर प्रिंटरची आहे ना मामा" म्हणून त्याने बाजूला टाकलेली. सगळं दुखणं तेवढंच होतं.

आता हे असं का, ते समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप जमेल. मॉनिटरच्या आत एक यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टाचे चार करणारी डबी, असतो, बाजारात मिळतो तसाच, फक्त आत बसवलेला. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट नाहीतर जुनी व्हीजीए, यातून चित्र येतं (पहिल्या दोन्हीतून आवाज पण येतो) पण यूएसबीचा डेटा येत नाही. मॉनिटर लागला, स्क्रीन मस्त दिसतेय म्हणजे पोर्ट पण जोडले गेले असं नाही. शेतात ठिबकच्या नळ्या पसरवल्या आणि मेन लाइन मोटारीला जोडलीच नाही तर केळीला पाणी कुठून येणार, तसंच हे.

तर मॉनिटरच्या मागे किंवा खाली वाकून बघा, एक चौकोनी भोक दिसेल, वरचे दोन कोपरे कापलेले, प्रिंटरला असतं तसं. त्याला टाइप बी म्हणतात. पोर्ट यूएसबी ३ चा असेल तर त्या चौकोनावर अजून एक छोटा मजला चढवलेला दिसतो. वायरीचं चौकोनी टोक तिथे, दुसरं नेहमीचं चपटं टोक सीपीयूमध्ये, आणि ते शक्यतो सीपीयूच्या मागच्या बाजूला लावा, पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतल्या बारीक वायरीवर असतात आणि ती बऱ्याचदा ढिली असते. लावल्यावर कॉम्प्युटर टुडुंग वाजला की काम झालं.

वायर हरवली असेल तर घाबरायचं कारण नाही, प्रिंटरची काढून लावा, चालते. मी माझ्यासाठी जळगावला गोलाणी मार्केटमधून एकशेवीस रुपयाला आणली होती. फक्त एक, साधी प्रिंटरची वायर यूएसबी ३ च्या भोकात बसते पण स्पीड २.० चाच मिळतो, म्हणजे कागदावर ५ जीबीपीएसऐवजी ४८० एमबीपीएस. माऊस-कीबोर्डला काही फरक पडत नाही, पेनड्राइव्हमध्ये लग्नाचे फोटो टाकायला बसलात तर पडतो. उलटं मात्र जमत नाही, ३ चं जाडं टोक २.० च्या भोकात जाणार नाही, जोर लावू नका. आणि स्वस्तात मिळते म्हणून दहा-दहा मीटरची वायर घेऊ नका, २.० ला ५ मीटरच्या पुढे भरवसा नाही, ३ ला तर तीनच्या आत राहिलेलं बरं.

टाइप सी वाला मॉनिटर असेल तर एकाच वायरीतून चित्र, डेटा, लॅपटॉपचं चार्जिंग सगळं जातं, पण वायर पण तशीच लागते. मोबाइलच्या चार्जरची सी वायर लावून "चित्र येत नाही" म्हणणारे मी स्वतः तीन पाहिले. आणि लॅपटॉपच्या सी पोर्टातूनच चित्र निघत नसेल तर चित्रासाठी एचडीएमआय ठेवा आणि सी वायर नुसती यूएसबीसाठी लावा, तेही चालतं. ज्या मॉनिटरला बी आणि सी दोन्ही असतात त्याच्या मेनूमध्ये यूएसबी कोणत्या वायरीवरून घ्यायचं ते बऱ्याचदा निवडायला मिळतं. तिथे चुकीचं निवडलेलं असेल तर वायर बरोबर असून पोर्ट मेलेलेच, म्हणून मॉनिटरच्या बटणातून तो मेनू एकदा चाळाच.

त्याच मेनूमध्ये स्टँडबायमध्ये यूएसबी चालू ठेवायचं का ते पण बऱ्याचदा असतं. स्क्रीन झोपली की माऊस मरतो आणि मग माऊस हलवून स्क्रीन उठत नाही, ही तक्रार असेल तर ते ऑन करा. आणि लाइट गेल्यावर सीपीयू यूपीएसवर आणि मॉनिटर डायरेक्ट बोर्डात असं असेल तर मॉनिटरबरोबर पोर्ट पण बंद पडणारच.

सगळं जोडूनही पोर्ट मधूनच जात-येत असतील तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, खाली यूएसबी कंट्रोलर्समध्ये जे रूट हब दिसतील त्यांच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढा. एवढं करून एकदा रीस्टार्ट मारा. मॉनिटरचा प्लग पण दोन मिनिटं भिंतीतून काढून परत लावा, ऐकायला येडपट वाटतं पण हब अडकला असेल तर त्यानेच सुटतो.

पाण्याचं गणित इथेही आहे. एका मोटारीवर चार एकर लावलं की शेवटच्या ओळीला थेंब, तसं यूएसबी २ च्या पोर्टाला ५०० मिलिअँप आणि ३ ला ९०० एवढाच करंट धरायचा, एक्स्टर्नल हार्डडिस्क टिकटिक करत बंद पडायला लागली तर ती सरळ सीपीयूला लावा. भाच्याला पण मी तेच सांगितलं, अंगठ्याचं मशीन सीपीयूच्याच मागे असू दे, वर यायला एक चांगली एक्स्टेंशन वायर घे, केवायसीच्या मधेच कनेक्शन गेलं की म्हातारी माणसं परत लाइनीत उभी राहतात.

आणि काही मॉनिटरला मागे एकटाच एक यूएसबी पोर्ट असतो, सर्व्हिस असं लिहिलेला, तो कंपनीच्या अपडेटसाठी असतो, त्यात माऊस घालून रात्र घालवू नका, मी घालवली आहे.