रेडियल की व्हर्टिकल? ट्रॅक लोडर घ्यायच्या आधी हे बघा

ट्रॅक लोडर म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारा लोडर, आणि रेडियल-व्हर्टिकल हे त्याचे बकेट उचलणारे आर्म वर जायचे दोन प्रकार. आधी ठरवा, मशीन जास्त वेळ जमिनीलगत राबणारे की वर उचलणारे. रेडियलचे आर्म कमानीसारखे फिरतात म्हणून सगळ्यात लांब पोच मधल्या उंचीवर मिळते, खोदाई-लेव्हलिंगला एकदम मस्त, शिवाय पिना कमी म्हणजे ग्रीस मारायची कटकट पण कमी. व्हर्टिकलमध्ये बकेट वर जाताना मशीनच्या जवळच राहतं, त्यामुळे वजन जास्त पेलतं, उंच डंपर भरायचाय किंवा विटांचं पॅलेट वर ठेवायचंय तर हेच घ्या, पैसे जरा जास्त जातात. कॅटलॉगमध्ये कपॅसिटी बघताना सांभाळून हां, ट्रॅक लोडरची ती सहसा टिपिंग लोडच्या (ज्या वजनाला मशीन पुढे कलंडतं त्याच्या) 35 टक्के धरतात, पण शेजारी 50 टक्क्यांचा आकडाही छापलेला असतो. डेमोला बकेट डंपरच्या फाळक्यावर नेऊन बघा, माती मधोमध पडते की कडेलाच सांडते.