घाटात तापणाऱ्या गाडीसाठी बोनेटला घरगुती व्हेंट

एप्रिल-मे महिन्यात गोव्याहून चोर्ला घाट चढताना, एसी चालू आणि गाडीत पाच माणसे असताना टेंपरेचरचा काटा वर सरकू लागला की सल्ला ठरलेला असतो: बोनेटला भोक पाड. सल्ला अर्धाच बरोबर आहे. रेडिएटरमधून किती हवा जाते हे ती समोरून किती येते यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच मागून किती बाहेर पडते यावर. बोनेटखाली गरम हवा कोंडली की समोरच्या हवेला शिरायला जागाच उरत नाही. व्हेंट, म्हणजे बोनेटमधले हवा बाहेर सोडणारे भोक, ही कोंडी फोडतो. पण जागा चुकली तर त्याच भोकातून हवा उलटी आत येते आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

पत्र्याला हात लावण्याआधी रेडिएटर बघा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून गाडी चालवली की पाचटाचा भुसा आणि खानापूर-जांबोटीकडची तांबडी धूळ एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. समोरून ती दिसत नाही. साध्या नळाच्या पाण्याने मागून पुढे धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर जाळीच्या नाजूक पट्ट्या (फिन्स) वाकतात आणि हवा कायमची अडते. बोअरचे पाणी घालत आला असाल तर आत क्षार धरलेला असणार. रेडिएटर साफ करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा.

रेडिएटरच्या कॅपकडेही दुर्लक्ष होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९७-९८ अंशांना उकळते. रेडिएटर ते उकळू देत नाही ते कॅपने धरलेल्या दाबामुळे. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा (बार) आकडा असतो, तोच आकडा बघून नवी घ्या. "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील" म्हणणारा मेस्त्री भेटेल; त्याचे ऐकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासचा रस्ता उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच इंजिनात परत फिरते आणि चढावर गाडी उलट लवकर तापते. शंका असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह गरम करून बघा. ८२ लिहिलेला थर्मोस्टॅट त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. आणि इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्या मधले सील) गेलेले असण्याची शक्यता मोठी. तिथे व्हेंटचा काही उपयोग नाही.

यानंतर रेडिएटरच्या चारी बाजूंच्या फटी १० मिमीच्या फोमने बुजवा, म्हणजे समोरून आलेली हवा बगल देऊन पळणार नाही. फॅनभोवतीचे प्लास्टिकचे कवच आणि इंजिनाखालची ढाल गतिरोधकावर फुटून गेली असेल तर ती परत बसवा. निम्म्या गाड्यांचे दुखणे इथेच संपते.

एवढे करूनही काटा चढत असेल तर जागा शोधायला घ्या. सर्वसाधारणपणे बोनेटच्या पुढच्या निम्म्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे, बाहेरचा दाब कमी असतो. काचेच्या पायथ्याशी हवा अडते, तिथे दाब जास्त. म्हणूनच बिजागरीखाली वॉशर घालून बोनेट मागून उचलण्याची युक्ती गाडी उभी असतानाच उपयोगी; वेगात तिथून हवा आत शिरते. टर्बो डिझेल गाड्यांवरचा उठलेला स्कूप हा वेगळा प्रकार आहे. तो इंटरकूलरला (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाला) हवा देण्यासाठी असतो, त्याची नक्कल इथे चालत नाही.

अंदाजावर न जाता मोजा. गवंडी लेव्हलला वापरतात तसली ५-६ मिमीची पारदर्शक नळी घ्या, तिचा मधला भाग U आकारात फळीवर बांधा आणि त्यात शाई घातलेले पाणी भरा. एक टोक इंजिनाच्या खोलीत, फॅनच्या झोतापासून दूर बांधा. दुसरे टोक टेपने बंद करा, टोकापासून ५ सेमीवर वरच्या अंगाला दीड मिमीचे छिद्र पाडा आणि नळी हवेच्या दिशेत, बोनेटला चिकटून टेपने बसवा. बोनेटकडच्या बाजूचे पाणी चढले तर बाहेरचा दाब कमी, म्हणजे तिथून हवा बाहेर पडेल. ताशी ७० किमीला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब इथल्या उंचीवर साधारण २० मिमी पाण्याइतका असतो, त्यामुळे ५ ते १० मिमीचा फरकही चांगला समजा. महामार्ग ४८ वर संकेश्वरकडचा एखादा सपाट, सरळ तुकडा बघा, सकाळी वारा पडलेला असताना, एकसारख्या वेगात. आकडे शेजारी बसलेल्याने टिपायचे, चालवणाऱ्याने नाही. पाच-सहा जागा तपासा.

मूळ बोनेट कापू नका. भंगारातून त्याच मॉडेलचे लोखंडी बोनेट आणा आणि मूळचे जपून ठेवा. गाडीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा.

दोन व्हेंटसाठी लागणारे सामान: १.२ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा, खिडक्या करणाऱ्यांकडे मिळणारा २० × २० मिमीचा एल-अँगल, ४ मिमीचे पॉप रिव्हेट आणि ४.१ मिमीचे ड्रिल, ५ मिमी भोकांची स्टीलची जाळी, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, प्राइमर. बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून आणि वाकवूनही मिळतो. शिअरवर (पत्रा कापायच्या यंत्रावर) कापलेली कड ग्राइंडरपेक्षा सरळ येते.

प्रत्येक व्हेंटचे भोक रुंदीला २८४ मिमी आणि पुढून मागे १५० मिमी. अँगलची चौकट करा. तिचा उभा पाय भोकात खाली, आडवा पाय बोनेटवर. आत पाच पाती. पाते ३१० × ३५ मिमी कापा आणि दोन्ही टोकांचे १५ मिमी काटकोनात वाकवा, मधे २८० मिमी उरते. पाती आडव्यापासून ३० अंशांत तिरकी, एकीपासून दुसरी २८ मिमीवर. खालची कड बंपरकडे, वरची काचेकडे. हे उलटे झाले तर व्हेंट हवा गिळेल, म्हणून रिव्हेट मारण्याआधी चौकटीवर बाणाची खूण करा. या मापात दोन पात्यांमध्ये पत्र्याची जाडी वजा जाता सुमारे १३ मिमीची फट राहते, चार फटींचे मिळून एका व्हेंटला सुमारे १४५ चौरस सेमी. पाती अँगलच्या उंचीतच मावतात, त्यामुळे बोनेटवर काही उठून दिसत नाही.

कापण्याआधी इंजिनाच्या उंच भागांवर मातीचे गोळे ठेवून बोनेट हळू बंद करा आणि उघडा. दबलेला गोळा ३० मिमीपेक्षा पातळ असेल तर ती जागा सोडा. बोनेटच्या आतला सांगाडा, कुलपाचा भाग आणि बिजागरीजवळची पट्टी कापायची नाही. बोनेटची ताकद त्यातच असते. सांगाड्याच्या मोकळ्या कप्प्यात भोक बसत नसेल तर भोक लहान करा. खालून २ मिमीचे ड्रिल मारून कप्प्याचे कोपरे वर उमटवा, वर मास्किंग टेप लावून आखा. चारी कोपऱ्यांना आधी १० मिमीची भोके पाडा. टोकदार कोपरा ठेवला तर खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी तिथूनच पत्रा चिरत जातो. मग जिगसॉने, लोखंडाच्या बारीक दातांच्या पात्याने कापा. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुततात आणि महिनाभरात त्या जागी गंजाचे ठिपके दिसतात.

कड घासून त्याच दिवशी प्राइमर लावा. लोखंड आणि अॅल्युमिनियम थेट टेकले की ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून चौकटीखाली सीलंटचा सलग थर हवाच. रिव्हेट ५० मिमीच्या अंतराने. जाळी खालून लावा, पण अगदी बारीक नको. ती धुळीने बुजते.

आता चाचणी. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तेवढ्याच माणसांसह ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) कूलंटचे तापमान आधी आणि नंतर टिपा. सलग ताशी ५० किमीच्या वर वेग असेल तेव्हा फरक दिसेल. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढताना मुख्य काम फॅनच करतो. तिथे फार आशा ठेवू नका. गाडी उभी केल्यावर मात्र गरम हवा वरून निघून जाते आणि बोनेटखालच्या वायरी, रबरी पाइप कमी भाजतात.

राहिला पाऊस. पाती दोन मिमीने एकमेकांवर येतात, त्यामुळे सरळ पडणारा थेंब अडतो, पण पात्यावरून ओघळलेले पाणी खालच्या कडेवरून आत ठिबकते. खाली अल्टरनेटर, कॉइल, फ्यूजबॉक्स किंवा एअर फिल्टरचे तोंड असेल तर ४० मिमी खाली तिरका पत्रा लावून पाणी बाजूला काढा. कणकुंबी-जांबोटीसारख्या जास्त पावसाच्या भागात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर व्हेंट सरळ बंदच करावा: चौकटीच्या मापाची पत्र्याची झाकणी, खाली रबर, चार स्क्रू. त्या दिवसांत हवा थंड असते, व्हेंटची गरज पडत नाही. ऑक्टोबरात झाकणी काढताना प्रत्येक रिव्हेट बोटाने हलवून बघा, ढिला झालेला ड्रिलने काढून नवा मारा.