भिंतीपासून चार इंच

रत्नागिरीजवळच्या आमच्या जांभ्याच्या घरात बैठकीच्या खोलीतले सागवानी कपाट आणि सोफा पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेले होते. दर पावसाळ्यात कपाटाच्या पाठीवर पांढरी बुरशी धरायची, आणि गेल्या श्रावणात सोफ्यामागचे कापड हाताला ओले लागले, तेव्हा मला फार वाईट वाटले; ते कपाट आईचे आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो, जून ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस नेमका याच भिंतीला झोडपतो, आणि चिकटलेल्या सामानामागे वारा फिरत नाही, हे तेव्हा ध्यानात आले.

कपाट रिकामे करून, पायांखाली गोणपाट घालून ते आम्ही माजघराकडच्या आतल्या भिंतीपाशी सरकवले. मागे चार इंच जागा सोडली, खाली लाकडी ठोकळे दिले. सोफ्याला मात्र जागा सापडेना, कारण झोपाळ्याच्या झोक्याला पुढेमागे मोकळी जागा हवीच (झोपाळा काढण्याचा विचारसुद्धा मला मान्य नव्हता). शेवटी तो झोपाळ्याच्या बाजूला आडवा लावला, त्यामुळे समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या मोकळ्या झाल्या. यंदा गणपतीत कपाटामागे हात फिरवून पाहिला. लाकूड कोरडे होते.