दीडशे जणांच्या अभ्यासिकेत वायफाय बसवताना: ५, ६ की ७?

पुण्याच्या सदाशिव पेठेत एकाच इमारतीत तीन-चार अभ्यासिका असतात. संध्याकाळी सात वाजता दीडशे मुलं बसलेली, प्रत्येकाच्या खिशात फोन, निम्म्यांपुढे टॅब किंवा लॅपटॉप, आणि वरच्या-खालच्या मजल्यावरचं वायफायही त्याच हवेत. अशा ठिकाणी ‘रेंज फुल आहे, पण लेक्चर अडकतंय’ ही तक्रार येते, मालक आणखी महागडा राउटर आणतो आणि तक्रार तशीच राहते. कारण इथे रेंज कमी पडलेली नसते. कमी पडतो तो हवेतला वेळ. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरावीक पट्टीवर, एका क्षणी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकत थांबायचं, हा वायफायचा मूळ नियम आहे. म्हणून स्टँडर्ड, म्हणजे वायफायची पिढी (५, ६ की ७), निवडताना खोक्यावरचा गिगाबिटचा आकडा बाजूला ठेवा आणि ते स्टँडर्ड हा वेळ कसा वाटून देतं एवढंच बघा.

पायरी १: आधी मोजदाद

१५० खुर्च्या, माणशी दीड उपकरण धरलं तर २२५ उपकरणं जोडलेली राहतील. त्यातली साधारण ४० टक्के, म्हणजे ९०, एका वेळी खरोखर डेटा ओढतील. व्हिडिओ लेक्चरला सरासरी २ एमबीपीएस धरा: एकूण १८० एमबीपीएस. बाहेरून येणारी लाइन ३०० ची घ्या, म्हणजे थोडी ऐस राहते.

मग आठवडाभर जुन्या राउटरच्या पॅनेलमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. किती फोन फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहेत (दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा), किती वायफाय ५ चे, किती ६ चे, हे बरेच राउटर दाखवतात. पुढचा सगळा निर्णय या यादीवर ठरतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

पायरी २: स्टँडर्डची तुलना

वायफाय ४ (२००९) आता विकत घेऊ नका. मात्र स्वस्त फोनमध्ये ते अजून आहे, त्यामुळे त्याची सोय ठेवावी लागते.

वायफाय ५ (२०१३) फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालतं. त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या उपकरणांत एका वेळी अनेक फोनना डेटा पाठवायची सोय आली, पण ती फक्त उतरत्या दिशेला. फोनकडून वर जाणाऱ्या डेटाच्या बारीकसारीक तुकड्यांना (पॅकेटना), म्हणजे पोचपावत्या, मेसेज, पान उघडण्याच्या विनंत्या यांना, रांगेतच उभं राहावं लागतं. गर्दीत हवा तुंबते ती बहुधा या चिल्लर पॅकेटांनी.

वायफाय ६ नेमकं इथे वेगळं पडतं. आधीच्या पद्धतीत प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र रिक्षा. वायफाय ६ म्हणजे वडाप, एकाच जीपमध्ये अनेक प्रवासी. ओएफडीएमए या तंत्राने २० मेगाहर्ट्झच्या चॅनलचे नऊपर्यंत तुकडे पडतात आणि नऊ फोनची छोटी पॅकेटं एकाच फेरीत जातात, वर जाणारीसुद्धा. कोणी कधी बोलायचं ते ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं खोकं, ठरवतो. शिवाय ‘बीएसएस कलरिंग’मुळे शेजारच्या वायफायचा क्षीण आवाज ओळखून त्याकडे दुर्लक्ष करता येतं. पण वडापमध्ये बसता येतं ते वायफाय ६ च्या फोनलाच. जुना फोन आला की त्याच्यासाठी वेगळी फेरी लागते. तुमच्या यादीत ६ चे फोन पाच टक्केच असतील, तर फरक लगेच जाणवणार नाही.

वायफाय ६ई म्हणजे तेच तंत्र, ६ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात. दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा काढला होता. त्यामुळे घेताना विक्रेत्याला सरळ विचारा: भारतातल्या या मॉडेलमध्ये ६ गिगाहर्ट्झ आज चालू होतं का? या पट्ट्यावर डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत सक्तीची आहे, हेही लक्षात ठेवा.

वायफाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. त्याची जाहिरात ३२० मेगाहर्ट्झ रुंद चॅनलवर होते. वर सांगितलेल्या ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असा चॅनल एकच बसतो, म्हणजे गर्दीत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. एका वेळी दोन बँड (पट्टे) वापरण्याची सोय चांगली आहे, पण फोनही ७ चाच हवा.

आमचा कौल स्पष्ट आहे: अशा हॉलसाठी आज वायफाय ६ चे चार ॲक्सेस पॉइंट घ्या. वायफाय ७ च्या एका राउटरपेक्षा ते कितीतरी बरे, कारण चार वेगळ्या चॅनलवर चार जण एकाच वेळी बोलू शकतात.

पायरी ३: संख्या आणि चॅनल

गर्दीत २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर एका ५ गिगाहर्ट्झ रेडिओकडून, म्हणजे ॲक्सेस पॉइंटमधल्या त्या पट्ट्याच्या यंत्रणेकडून, प्रत्यक्षात ६० ते ७० एमबीपीएस धरा. १८० साठी तीन रेडिओ पुरतात, पण एका रेडिओवर ५०-६० च्या वर उपकरणं नकोत, म्हणून चार.

भारतात ५ गिगाहर्ट्झमध्ये २० मेगाहर्ट्झचे २५ चॅनल मिळतात. ४० चे १२ आणि ८० चे फक्त ६. राउटर बहुधा ८० वर सेट होऊन येतो. तो आधी २० वर आणा. शेजारी शांत असतील तरच ४०. फोनवर वायफाय ॲनालायझर ॲप उघडून हॉलच्या चारही कोपऱ्यांत कोणते चॅनल भरलेत ते लिहून घ्या. ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे आहेत: ॲक्सेस पॉइंट सुरू होताना किमान एक मिनिट ऐकतो, आणि रडार जाणवला की चॅनल सोडून अर्धा तास तिथे परतत नाही. वायफाय अधूनमधून अचानक सगळ्यांचंच तुटत असेल तर लॉगमध्ये हे कारण शोधा. तसं दिसलं तर ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५ वर या.

२.४ गिगाहर्ट्झ चारांपैकी दोघांवरच चालू ठेवा, चॅनल १, ६, ११ यांपैकीच, आणि रुंदी २०.

पायरी ४: बसवणं

हॉलचे चार चौकोन कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर छताला एक. भिंतीवर खाली लावलात तर सिग्नल माणसांतून जातो, आणि शरीरातलं पाणी तो शोषून घेतं. पत्र्याच्या फॉल्स सीलिंगच्या वर किंवा एसीच्या डक्टला चिकटवून लावू नका.

प्रत्येकाला कॅट ६ केबल, लांबी १०० मीटरच्या आत. रिपीटर किंवा मेश वापरून केबल वाचवू नका. त्यात एकच पॅकेट हवेतून दोनदा जातं. स्विच ३० वॉटच्या पीओई+ चा (केबलमधूनच वीज देणारा) घ्या. १५.४ वॉटच्या जुन्या पीओईवर अनेक मॉडेल चालू होतात, पण काही रेडिओ अर्धवट बंद ठेवून, आणि तक्रार कुठून येते तेच कळत नाही. स्विच आणि राउटर इन्व्हर्टरवर टाका.

पायरी ५: सेटिंग

शक्ती कमी करा: ५ गिगाहर्ट्झला १४-१५ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचं माप), २.४ ला ८-९. फोनचा आवाज मुळातच बारीक असतो. ॲक्सेस पॉइंटने ओरडून उपयोग नाही, फोनचं उत्तर त्याला ऐकू यायला हवं.

किमान वेग १२ एमबीपीएस ठेवा आणि वायफायची नावं दोनच. कारण असं: प्रत्येक नावाचा बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ ही हाक, सेकंदाला सुमारे दहा वेळा जातो. ३०० बाइटचा बीकन १ एमबीपीएसवर अडीच मिलिसेकंद घेतो, म्हणजे दर नावामागे हवेतला अडीच टक्के वेळ. एकाच चॅनलवर अशी वीस नावं ऐकू येत असतील तर निम्मी हवा नुसत्या हाका मारण्यात जाते. १२ वर तोच बीकन पाव मिलिसेकंदाच्या आत आटोपतो. कोणाचा फार जुना फोन यामुळे जोडला गेला नाही, तर दुसऱ्या नावावर ही मर्यादा ६ करा.

‘वायफाय लागतंय, पण नेट नाही’ याचं कारण बहुतेकदा राउटरने प्रत्येक फोनला द्यायचे आयपी पत्ते संपणं हे असतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये जेमतेम २५० पत्ते आणि मुदत २४ तास असते. सकाळच्या बॅचचे फोन घरी गेले तरी पत्ते अडवून बसतात. सबनेट २५५.२५५.२५२.० करा, म्हणजे १०२२ पत्ते मिळतील, आणि मुदत दोन तासांवर आणा. क्लायंट आयसोलेशनही चालू करा, म्हणजे जोडलेली उपकरणं एकमेकांना दिसणार नाहीत.

पायरी ६: गर्दीच्या वेळी तपासणी

रिकाम्या हॉलमधली स्पीड टेस्ट काहीच सांगत नाही. संध्याकाळी, खुर्च्या भरलेल्या असताना, लॅपटॉपवर दोन खिडक्यांत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावा: एक राउटरच्या पत्त्याला, एक ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचं उत्तरच ५०-१०० मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल तर हवा तुंबली आहे; चॅनल आणि शक्ती पुन्हा बघा. राउटर ५ मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि बाहेरचं उशिरा येतंय, तर वायफायला हात लावू नका, लाइन वाढवा किंवा माणशी ४ एमबीपीएसची मर्यादा घाला. चारही चौकोनांत ही चाचणी वेगवेगळी करा. एखाद्या कोपऱ्यातच आकडे बिघडत असतील, तर बहुधा भिंतीपलीकडच्या अभ्यासिकेने तोच चॅनल घेतलेला असतो. त्यांच्याशी बोलून चॅनल वाटून घेतले की दोघांचंही काम होतं.