कार्बन फायबरचे काम करताना या चुका टाळा, विशेषतः आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात

कार्बन फायबरचा एखादा भाग वाकला, सोलला किंवा मोडला, की पहिला दोष कार्बनच्या विणलेल्या कापडाला दिला जातो. माल डुप्लिकेट निघाला, असे म्हणून प्रकरण मिटवले जाते. आमचे वर्कशॉप वैनगंगेच्या पट्ट्यात आहे आणि मासेमारीचे फायबरचे डोंगे व पाण्याच्या टाक्या हे आमचे मूळ काम. अलीकडे अभियांत्रिकीची मुले रेसिंग कारचे नोजकोन आणि विंग, तर धरणाच्या पाण्यात हौसेने शिडाची होडी चालवणारे काही जण सुकाणू आणि डोलकाठ्या दुरुस्तीला घेऊन येतात. या कामांत कापडाचा दोष क्वचितच निघतो. दोष असतो तो रेझिनचा (कापडात मुरवून घट्ट होऊ देतात त्या चिकट द्रवाचा), उष्णतेचा, सांध्याचा आणि बहुतेक वेळा घाईचा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे भाग हाताला कडक लागला की काम पूर्ण झाले असे मानणे. साध्या तापमानाला घट्ट होणारे बहुतेक इपॉक्सी रेझिन ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा नरम पडू लागते. डेटाशीटवर हा आकडा ‘टीजी’ या नावाखाली दिलेला असतो आणि तो वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. परदेशातील व्हिडिओ पाहून काम शिकणाऱ्याला तो आकडा पुरेसा वाटतो, कारण त्या व्हिडिओतील माणूस स्वेटर घालून काम करत असतो. आपल्याकडे नवतपा सुरू झाला की सावलीतच पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात ठेवलेला काळा कार्बनचा भाग ७० अंशांच्या वर सहज तापतो.

एका महाविद्यालयाच्या संघाने सुप्रा एसएईइंडिया या विद्यार्थ्यांच्या रेसिंग कार स्पर्धेतील गाडीसाठी स्वतः मागची विंग (वेगात गाडी जमिनीकडे दाबून धरणारी आडवी पाती) बनवली होती. काम देखणे होते, ट्विलची वीण कुठेही सरकलेली नव्हती, पृष्ठभाग आरशासारखा होता. पोस्ट-क्युअर केले का, म्हणजे घट्ट झालेल्या भागाला नंतर ठरावीक शेक दिला का, असे मी विचारले, तेव्हा ‘भाऊ, चोवीस तासांत एकदम कडक झाली, आता काय होते तिले?’ असे उत्तर मिळाले. मे महिन्यात ती विंग उघड्या टेम्पोत, मधोमध दोर आवळून, भर दुपारी नागपूरपर्यंत नेली गेली. उतरवताना दोराखालचा भाग खाली बसलेला होता, दोर सोडल्यावरही तो वर आला नाही, आणि चकचकीत पृष्ठभागावर कापडाची वीण बोटाला लागेल इतकी उमटलेली होती. रेझिन नरम असताना त्यावर ताण होता आणि संध्याकाळी ते त्याच वाकड्या आकारात पुन्हा घट्ट झाले. ती विंग सरळ होण्यासारखी नव्हती. मुलांनी कापड पुरवणाऱ्या दुकानदाराशी दोन आठवडे भांडण केले, जे सर्वस्वी निरर्थक होते.

भाग साच्यातून काढण्यापूर्वीच मी त्याला शेक देतो. पत्र्याच्या पेटीला आतून ग्लासवूल लावले आहे, तळाशी हीटर आणि लहान पंखा आहे, आणि तापमापकाची तार थेट भागाला चिकटवलेली असते. तासाला साधारण दहा अंश या गतीने तापमान वाढवायचे, रेझिन बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंशांवर (बहुधा ६० ते ८० च्या दरम्यान) सांगितलेले तास ठेवायचे आणि पेटी बंद ठेवूनच थंड होऊ द्यायचे. ऊनच इतके आहे तर पेटी कशाला, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो. ऊन एका बाजूने तापवते, ढग आला की तापमान उतरते, आणि आधारावाचून ठेवलेला भाग त्याच काळात आकार सोडतो. म्हणून या शॉर्टकटवर माझा भरवसा नाही. त्याचबरोबर, सतत उन्हात राहणारा भाग मी पांढरा रंगवण्याचाच आग्रह धरतो. ग्लायडर विमाने पांढरी असतात ती याच कारणासाठी. काळी वीण दिसलीच पाहिजे हा हट्ट असेल तर निदान अतिनील किरणांना टिकणारा टू-पॅक पॉलियुरेथेनचा क्लिअर कोट द्यावा, नाहीतर इपॉक्सी पिवळे पडते आणि पुढे भुकटीसारखे सुटू लागते.

दुसरी चूक टाक्यांच्या कामातून आलेल्या मिस्त्रींची असते. पॉलिस्टर रेझिनमध्ये एक ते दोन टक्के कॅटलिस्ट टाकतात आणि हवामान पाहून तो थोडा कमीजास्त करता येतो. ही सवय हाताला इतकी बसलेली असते की इपॉक्सीतही ‘लवकर वाळावे’ म्हणून हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक) अंदाजाने वाढवला जातो. इपॉक्सीचा हार्डनर रेझिनशी ठरलेल्या प्रमाणातच जोडला जातो. शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम लिहिले असेल तर चाळीस टाकल्याने काम लवकर होत नाही. वरचे दहा ग्रॅम न जुळता आत राहतात आणि भाग कायमचा मऊ राहतो. प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हेही डब्यावर पाहावे, कारण दोन्ही आकडे वेगळे असतात. मी डिजिटल काट्यावाचून इपॉक्सीला हात लावत नाही, उन्हाळ्यात संथ हार्डनर वापरतो आणि काम पहाटे सुरू करतो. एकदम किलोभर माल बादलीत कालवणाऱ्याच्या बादलीतून धूर निघालेला मी पाहिला आहे. थोडा माल पसरट ट्रेमध्ये घ्यावा, म्हणजे त्यात उष्णता साठत नाही.

कूलरबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ही खास आपल्याकडची चूक आहे. उकाड्यात माणसाला कूलर लागतो हे मान्य, परंतु पाण्याच्या कूलरचा झोत थेट साच्यावर सोडला की हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी संयोग पावून इपॉक्सीवर मेणकट थर बसतो. हा थर डोळ्याला नीट दिसत नाही, बोट फिरवल्यावर किंचित तेलकट लागतो. नौदलातून निवृत्त होऊन गावी आलेल्या एका काकाजींच्या होडीचे सुकाणू असेच आले होते: दोन अर्ध्या पाती वेगवेगळ्या करून नंतर चिकटवलेल्या, आणि पहिल्याच जोराच्या वाऱ्यात सांधा पुढच्या कडेने पूर्ण उघडलेला. आतली एक बाजू इतकी स्वच्छ सुटली होती की तिच्यावर गोंदाचा कणही नव्हता. करणाऱ्याने घासले होते, पण धुतले नव्हते. कोरडे घासल्याने तो थर निघत नाही, पसरतो. आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवावे, कोरडे करावे, मग पॉलिश पेपर मारावा. मी तर चिकटवण्याच्या जागी पील-प्लाय (नंतर सोलून काढायचे कापड) लावूनच काम करतो आणि चिकटवायच्या वेळीच ते ओढून काढतो. पावसाळ्यात कूलर बंद असला तरी हेच पथ्य पाळावे लागते.

कार्बनला ॲल्युमिनियम थेट भिडवू नये. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे ओल मिळताच दोहोंत बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. धरणाच्या गोड्या पाण्यात हे सावकाश होते, म्हणून लोक बेफिकीर राहतात; तीच होडी मुंबईच्या खाऱ्या पाण्यात गेली की रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. मध्ये ग्लास फायबरचा एक थर द्यावा आणि बोल्ट चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसचा किंवा टायटेनियमचा वापरावा.

बोल्टखाली मोठा वॉशर द्यावा आणि पाना टॉर्कचा, म्हणजे ठरलेल्या जोराइतकेच आवळू देणारा, असावा. पत्र्यासारखा आवळत गेल्यास कार्बन आतून चिरडतो आणि वरून काही दिसत नाही. भोक पाडताना मागे लाकूड धरावे, कार्बाइडचे बिट वापरावे आणि उघड्या कडेला इपॉक्सी लावावे. पीळ सोसणाऱ्या भागात सगळे कापड सरळ लावू नये, काही थर ४५ अंशांत हवेतच. सायलेन्सरजवळ हाताने केलेला भाग बसवूच नये. कापताना मास्क आणि पाणी दोन्ही वापरावे. ती धूळ फुप्फुसात जाते तशीच उघड्या स्विचबोर्डात जाऊन शॉर्टसर्किटही करते. स्वस्त पडते म्हणून कार्बनवर पॉलिस्टर ओतणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे.

धडक बसलेला भाग वरून ठीक दिसतो म्हणून पुन्हा वापरणे ही सुशिक्षितांची आवडती चूक आहे. १९८१ साली मोंझा येथे फॉर्म्युला वन शर्यतीत चालक जॉन वॉटसनची मॅक्लॅरेन एमपी४/१ ही गाडी आदळून तुटली आणि तो सुखरूप बाहेर आला, हे उदाहरण मुले मला हमखास ऐकवतात. त्या गाडीचे कार्बनचे कवच अमेरिकेतील हर्क्युलिस कंपनीने बनवलेले होते, टिनाच्या शेडमध्ये ब्रशने नव्हे. १९९५ साली सॅन डिएगोच्या समुद्रात ‘वन ऑस्ट्रेलिया’ ही शर्यतीची कार्बन होडी दोन तुकडे होऊन काही मिनिटांत बुडाली, हे उदाहरण मात्र कोणी देत नाही. सगळे खलाशी वाचले, हे नशीब. कार्बन लोखंडासारखा वाकून आगाऊ सूचना देत नाही. म्हणून धडकेनंतर रुपयाच्या नाण्याने संपूर्ण भाग ठोकून पाहावा: जिथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, तिथे थर सुटलेले असतात. ती जागा खडूने रंगवून घ्यावी आणि दुरुस्ती तिच्या बाहेरून, चांगल्या थरापासून सुरू करावी. नुसते वरून कापड चिकटवून आणलेले काम मी परत पाठवतो.

एक धोका होडीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावा. कार्बनची डोलकाठी हलकी असल्यामुळे एकटा माणूस ती उभी धरून शेतातून पाण्यापर्यंत चालत नेऊ शकतो, आणि आपल्याकडे कृषिपंपांच्या तारा बांधावरून किती खाली लोंबतात हे सर्वांना ठाऊक आहे. कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून काठी तारेला टेकली की शॉक थेट धरणाऱ्याला बसतो. डोलकाठी नेहमी आडवी धरून दोघांनी न्यावी, होडीत चढवताना वर पाहावे, आणि तारेखालून होडी ओढायची असेल तर डोलकाठी आधी उतरवून घ्यावी.