या चुका टाळा: प्रायव्हसीच्या धास्तीनं हेल्थ ॲपच मुकं करून ठेवू नका

आमचे मामा रिटायर झाल्यापासून रोज पहाटे बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जातात, पाऊस असला तर छत्री घेऊन जातात पण जातातच. मागच्या महिन्यात शुगर दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी फोनवरची पावलं बघितली, तर तीन आठवडे रोज शून्य. डॉक्टर म्हणाले चालणं सोडलेलं दिसतंय. मामा तिथं काहीच बोलले नाहीत, घरी येऊन फोन माझ्या हातात दिला, म्हणाले, "अगं रोज चार फेऱ्या मारूलालोय की गं, आनी हे बघ काय दाखवूलाय." बाहत्तर वर्षाच्या माणसाला आपण खोटारडे ठरलो असं वाटावं हे मला फार लागलं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

झालं असं की मामेभावानं ऑनलाइन फ्रॉडच्या बातम्या ऐकून एका रविवारी बसून त्यांच्या फोनमधल्या दिसेल त्या परमिशन बंद करून टाकल्या. काळजी खरीच होती त्याची, त्यात चूक नाही. पण त्यात फिजिकल ॲक्टिव्हिटी नावाची परमिशन पण गेली, आणि २०१९ ला अँड्रॉइड १० आलं तेव्हापासून ॲपला पावलं वाचायला ही परमिशन वेगळी द्यावी लागते. आता फोनच्या आतला सेन्सर ठणठणीत असतो, फक्त ॲपला तो आकडा दिसत नाही, आणि बरीच ॲपं मला अडवलंय असं स्पष्ट सांगत नाहीत, गप शून्य दाखवतात. त्यामुळे शून्य दिसलं की माणूस चालला नाही असं धरून बसणं हीच सगळ्यात मोठी चूक. आधी सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ते ॲप, मग परमिशन्स, तिथं फिजिकल ॲक्टिव्हिटी चालू आहे का बघा. मामांच्या फोनचं काम तेवढ्यावर झालं, दोन मिनिटं पण लागली नाहीत.

आयफोनवाल्यांचं जरा वेगळं आहे आणि जास्त फसवं आहे. तिथं हेल्थमधला डेटा वाचायची परवानगी तुम्ही नाकारली तर ते ॲपला कळूच दिलं जात नाही, ॲपला वाटतं डेटाच नाही. हे मुद्दाम तसं केलंय, कारण अमुक माणसानं शुगरची माहिती लपवली एवढं कळलं तरी त्यावरून अंदाज बांधता येतो. चांगला विचार आहे, पण त्याचा परिणाम असा की ॲप डिलीट करून परत टाका, कस्टमर केअरला फोन लावा, त्यांना पण पत्ता लागत नाही. हेल्थ ॲप उघडून वर कोपऱ्यात आपल्या फोटोवर जा, तिथं ॲप्स मध्ये एकेकाला काय काय वाचायला दिलंय ते दिसतं. आणि सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात मोशन अँड फिटनेस, तिथलं फिटनेस ट्रॅकिंग बंद असेल तर बाकी कितीही खटपट करा, फोन पावलं मोजणारच नाही.

आता लोकेशन. ह्यावर लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात जास्त गोंधळ पण इथंच आहे. नुसती पावलं मोजायला लोकेशन लागत नाही, बंद ठेवा, काही बिघडत नाही. पण नेमकं किती किलोमीटर चाललो, कुठल्या रस्त्यानं गेलो हे पाहिजे असेल तर लागतं, आणि ते अचूक लागतं. अँड्रॉइड १२ पासून अंदाजे आणि अचूक असे दोन पर्याय येतात, अंदाजे दिलं की तुम्ही साधारण ३ चौरस किलोमीटरच्या आत कुठंतरी आहात एवढंच ॲपला कळतं, मग येळ्ळूरहून राजहंसगडावर चढून आलात तरी नकाशावर वेडीवाकडी रेघ नाहीतर रेघच नाही. आयफोनला पण आयओएस १४ पासून असंच अचूक लोकेशनचं वेगळं बटण आहे. मात्र कायम चालू असा पर्याय द्यायची सहसा गरज नसते, ॲप वापरताना आणि अचूक एवढं पुरतं, फक्त चालायला सुरुवात करताना ॲपमध्ये स्टार्ट दाबून मग फोन खिशात टाकायचा, उलटं नाही.

आणि हे आपल्या गावासाठी खास सांगते. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा ह्या ॲपच्या जगाच्या नकाशावरून सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उघड झाल्या होत्या, लष्करी तळ त्यावर उठून दिसत होते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, घरटी कुणीतरी सैन्यात असलेली गावं आपल्या आजूबाजूला आहेत. अशा घरात नकाशावालं ॲप असेल तर लोकेशन सरळ बंद ठेवा, पावलांवर भागवा. म्हणजे मी सगळं उघडं टाका म्हणत नाहीये.

घड्याळ किंवा ब्लूटूथचं बीपी मशीन जोडताना होणारी चूक तर मी शहापुरातल्या दोन-तीन घरांत तरी बघितलीय. मशीन नवीन, बॅटरी नवीन, आणि ॲप विचारतं लोकेशन द्या. मावशी म्हणतात, माझ्या बीपीला माझा पत्ता कशाला पाहिजे? प्रश्न एकदम बरोबर आहे. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनमध्ये आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणं शोधायची तर लोकेशनची परमिशन लागायची, कारण कुठली उपकरणं जवळ आहेत त्यावरून माणूस कुठं आहे ते ओळखता येतं. ती नाकारली की मशीन सापडतच नाही आणि लोक दुकानात परत द्यायला जातात. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी जवळपासची डिव्हाइस अशी वेगळी परमिशन आली. म्हणजे जुना फोन असेल तर जोडताना लोकेशन द्यावं लागणार, नवीन असेल तर सहसा जवळपासच्या डिव्हाइसवर काम होतं.

बॅटरी सेव्हर ही खरं तर प्रायव्हसीची सेटिंग नाही पण दुखणं तेच. रेडमीमध्ये हेल्थ ॲपचं ऑटोस्टार्ट चालू ठेवा, सॅमसंगमध्ये डीप स्लीपिंग ॲप्सच्या यादीत ते गेलं असेल तर काढा. आणखी एक, अँड्रॉइड ११ पासून काही महिने ॲप उघडलंच नाही तर फोन स्वतःहून त्याच्या परमिशन काढून घेतो, म्हणून अधूनमधून ते उघडत जा.

शुगर सेन्सर दंडावर लावणाऱ्यांनी मात्र पुढचं नीट वाचा, इथं नुसत्या पावलांचा हिशेब नाहीये. रात्री शुगर खाली गेली की फोन वाजतो, त्या आवाजावर घरातले झोपतात. झोपमोड नको म्हणून डू नॉट डिस्टर्ब लावलं, किंवा नोटिफिकेशन बंद केल्या, तर तो वाजणार नाही किंवा ऐकू येणार नाही असं होऊ शकतं. अँड्रॉइड १३ पासून तर नोटिफिकेशनची परवानगी नवीन ॲप आधी मागतं, घाईत नको म्हटलं की संपलं. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ह्याच विषयावर इशारा दिला होता, की फोनच्या सेटिंगमुळे, सिस्टीम अपडेटमुळे, नवीन ब्लूटूथ हेडफोन जोडल्यामुळे डायबेटिसच्या उपकरणांचे अलर्ट लोकांना मिळाले नाहीत, आणि महिन्यातून एकदा तरी अलर्टची सेटिंग तपासा. घरात सेन्सर लावलेलं लहान मूल असेल तर हात जोडून सांगते, पहिली तारीख धरा आणि त्या दिवशी बघा.

मग बंद काय करायचं? कॉन्टॅक्ट, एसएमएस, कॉल लॉग. पावलं मोजणाऱ्या ॲपला ह्यातलं काहीच लागत नाही, मागितलं तर नाही म्हणा, हट्ट केला तर ॲप काढून टाका. आयफोनवर ट्रॅक करू नका असं ॲपला सांगितलं, अँड्रॉइडवर जाहिरातीचा आयडी डिलीट केला, तरी पावलं, नाडी, झोप सगळं चालू राहतं. पाळीची नोंद ठेवणाऱ्या मुलींनी तर हे नक्की करा, २०२१ मध्ये फ्लो ह्या ॲपला अमेरिकेच्या एफटीसी ह्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर समझोता करावा लागला होता, बायकांची आरोग्याची माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांकडे गेल्याचा आरोप होता. आणि फ्रॉड झालाच तर १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन.

गेलेले दिवस परत येतात का असं मामांनी विचारलं. आयफोनमध्ये फिटनेस ट्रॅकिंग चालू होतं आणि फक्त ॲपची परवानगी बंद होती तर हेल्थमध्ये पावलं असतात, परवानगी दिली की ॲपला दिसतात. मामांचा फोन साधा अँड्रॉइड, त्यांचे तीन आठवडे गेले ते गेलेच. मग आम्ही त्यांच्या शुगरच्या वहीत त्या तारखांसमोर "फोन बंद, चालणं चालू" असं लिहिलं, आणि पुढच्या खेपेला फोनच्या आधी ती वही डॉक्टरांपुढं ठेवली.